मेनरोडची ट्राम

नाशिक रोड स्टेशन गावापासून आठ-दहा किलोमीटर लांब. आगगाडी आली, पण पंचवटीला निघालेल्या यात्रेकरूला पुढचा रस्ता टांग्यानेच काटावा लागे. त्यावर तोडगा निघाला 1889मध्ये: अडीच फुटी रुळांवरची ट्राम. तिचे सल्लागार अभियंता एव्हरार्ड कॅलथ्रॉप. बार्शी लाइट रेल्वे उभारणारे तेच हे गृहस्थ! त्याच अडीच फुटी रुळांवर त्यांनी पुढे बार्शीत नाव कमावलं. नाशिकला मात्र त्यांची आठवण क्वचितच निघते.

सुरुवातीला दोन डबे ओढायला चार घोडे असत. मेनरोडवरच्या जुन्या नगरपालिकेपासून थेट स्टेशनपर्यंत, मधल्या रानातून.

1930च्या दशकाच्या सुरुवातीला तोट्यापायी ट्राम बंद पडली. योगायोग असा, की त्याच सुमारास, 1930मध्ये, थळ घाटात इगतपुरीपर्यंत विजेची गाडी धावू लागली होती. घाटाचं कौतुक पुस्तकांतून झालं, आणि ते रास्तच आहे. 37 फुटांना एक फूट असा तो चढ. ट्रामच्या वाट्याला तेवढं कौतुक आलं नाही.

जुन्या वाड्यांच्या माळ्यावर ट्रामचं तिकीट, फोटो किंवा पासबुक सापडलं, तर ते रद्दीत घालू नका. 1840पासून चालत आलेल्या सार्वजनिक वाचनालयात एकदा नेऊन दाखवा.