एकाच प्रतीचे ग्रंथ

शहागंजच्या घड्याळ-मनोऱ्यापासून पैठण सुमारे ५० किलोमीटरवर आहे. पाठचिकित्सा शिकवताना आम्हां अध्यापकांना ही वाट दरवर्षी मनाने चालावी लागते. शके १२१२ मध्ये (इ. स. १२९०) सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीत पुढील जवळजवळ तीनशे वर्षांत नक्कल करणाऱ्यांच्या हातून पाठभेद शिरले, पदरच्या ओव्या मिसळल्या. शके १५०६ मध्ये (१५८४) एकनाथांनी ग्रंथाचा पाठ शुद्ध केला आणि यापुढे कोणी त्यात आपली ओवी घालू नये, असे बजावले.

एकनाथांनी जे निषिद्ध मानले तेच वाचकाकडून उघडपणे मागणाऱ्या एका रचनेचा इतिहास आम्हांस येथे सांगायचा आहे. ही रचना म्हणजे एक व्हिडिओ गेम आहे. साहित्याच्या अभ्यासकाने अशा विषयाकडे वळावे काय, अशी शंका कोणी घेईल. परंतु कर्ता कोण, पाठ कोणाचा आणि प्रत कोणाच्या हाती, हे आपलेच जुने प्रश्न तेथे नव्याने उभे राहिले आहेत.

आरंभ १९८३ चा. डग्लस स्मिथ यांचा ‘लोड रनर’ हा खेळ अमेरिकेत ब्रॉडरबंड कंपनीने प्रकाशित केला. शिड्या चढायच्या, विटांची जमीन उकरून पाठलाग करणाऱ्यांना खड्ड्यात पाडायचे आणि सोने गोळा करून निसटायचे, असे त्याचे स्वरूप. त्यात १५० तयार लेव्हल होत्या. शिवाय खेळणाऱ्याला स्वतःची लेव्हल रचण्याचे साधनही त्यातच दिलेले होते. रचलेली लेव्हल तो आपल्या फ्लॉपीवर साठवी आणि ती फ्लॉपी मित्राला देई. प्रत त्याच्या खिशात असे.

पुढे २००६ मध्ये इंग्लंडमधील गिल्डफर्ड येथे मीडिया मॉलिक्यूल ही लहानशी संस्था स्थापन झाली. तिचा ‘लिटलबिगप्लॅनेट’ सोनीने २००८ मध्ये प्लेस्टेशन ३ या यंत्रासाठी बाजारात आणला. कापडी बाहुल्याला उड्या मारायला लावून कोडी सोडवीत पुढे न्यायचे, एवढाच हा खेळ असता तर त्याची नोंद घेण्याचे कारण नव्हते. पण खेळा, रचा आणि वाटा, हे त्याचे ब्रीद होते. लाकूड, स्पंज, पुठ्ठा, दोऱ्या, चाके आणि कळा यांतून कोणीही लेव्हल रचावी व ती इंटरनेटद्वारे सर्वांपुढे ठेवावी. लोकांनी कथा रचल्या, यंत्रे रचली. कोणी तर आकडेमोड करणारे यंत्रच त्यात उभे केले. २०११ आणि २०१४ मध्ये या खेळाचे पुढचे भाग आले. जुन्या लेव्हल त्यांतही खेळता येत. काळाच्या ओघात त्यांची संख्या सुमारे एक कोटीवर गेली.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. रचणाऱ्याची मूळ प्रत त्याच्या यंत्रावर राही. सर्वांसाठी मांडलेली प्रत मात्र सोनीच्या सर्व्हरवर असे. परवानगी असेल तर इतरांना ती उतरवून घेता येई, पण बहुतेक जण नुसते खेळून पुढे जात. २००८ मध्येच काही लेव्हल नियमभंगाच्या कारणास्तव काढून टाकल्या गेल्या. रचणाऱ्यांनी तक्रारी केल्या, तेव्हा भांडार कोणाचे आहे हे प्रथम स्पष्ट झाले.

प्लेस्टेशन ३ साठीची सेवा २०२१ मध्ये बंद झाली. उरलेली सेवा जानेवारी २०२४ मध्ये थांबली आणि ती अनिश्चित काळासाठी बंदच राहील, असे एप्रिलमध्ये जाहीर झाले. त्या सर्व्हरवरील लेव्हल खेळणाऱ्यांच्या आवाक्याबाहेर गेल्या. सुदैवाने काही चाहत्यांनी त्यांचा फार मोठा संग्रह आधीच उतरवून ठेवला होता. हे काम त्यांना कोणी सांगितलेले नव्हते.

आता ज्ञानेश्वरीकडे पुन्हा पाहू. तिच्या प्रती गावोगाव होत राहिल्या. म्हणून पाठ बिघडला, पण म्हणूनच ग्रंथ टिकला. ज्या नकलाकारांना आपण चुकांबद्दल दोष देतो, त्यांचे हे ऋण आपण वर्गात क्वचितच सांगतो. उलट, या खेळातील लेव्हल एकाच भांडारात असल्याने तिचा पाठ अबाधित राहिला, आणि एक निर्णय होताच भांडाराला कुलूप लागले. नवनिर्मितीचे स्वातंत्र्य मुबलक होते. जतनाची जबाबदारी मात्र रचणाऱ्यांनी स्वतःकडे घेतली नव्हती. लोकसहभाग असला की परंपरा आपोआप निर्माण होते, ही समजूत म्हणूनच अपुरी आहे. सहभागाला प्रतींची जोड लागते.

आमच्या विद्यार्थ्यांच्या कविता, टिपणे, शोधनिबंधांचे खर्डे आज बहुधा परक्यांच्या सर्व्हरवरच असतात. त्यांना आमची एवढीच विनंती, की एक प्रत स्वतःपाशी ठेवा आणि एक मित्राला द्या. ओवी घालू नका, असे बजावणाऱ्या एकनाथांनीही प्रत करू नका, असे सांगितले नव्हते.