मनमाडला गाडी बदला

वहाणा काढून हातात घ्या. दगडावर शेवाळ आहे आणि पाटणच्या डोंगरात पाऊस थांबायचं नाव घेत नाही. चाळीसगावाहून तुम्ही मघाशी मोटारसायकलवर आलात, पण मागे वळून पाहाल तर तो डांबरी रस्ता नाही, देवीच्या नारळ-ओटीची दुकानं नाहीत. तेराव्या शतकाची पहिली वर्षं चालू आहेत. आडोशाला एक पाथरवट शिळेवर वाकून बसलाय.

त्याच्या खांद्यावरून वाचा. वरच्या ओळी संस्कृत: भास्कराचार्यांची थोरवी, त्यांच्या कुळाची कीर्ती, नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला त्याची हकीकत, निकुंभ वंशातल्या सोइदेवानं शके 1128 मध्ये त्या मठाला दिलेलं दान. मग पाथरवट जरा खाली सरकतो आणि भाषाच बदलते. मराठी सुरू होते. मठाला कोणी काय द्यायचं ते आता येतं. गिऱ्हाइकाकडून सुपाऱ्या, घाण्यातलं तेल, मोजायचं ते कुठल्या मापानं. कीर्ती संस्कृतात गायली तरी भागतं. तेल वसूल करायचं तर ते तेल्याला कळलं पाहिजे.

(भाऊ दाजी लाड हा लेख उजेडात आणतील 1865 साली. तोवर साडेसहाशे वर्षं तो इथे भिजत राहणार आहे.)

एवढंच दाखवायला तुम्हाला इथे आणलं. चला, गाडी चुकेल.

चाळीसगाव स्टेशन. जानेवारी 1922. फलाटावर रुईच्या गाठी रचल्यात, कोळशाची भुकटी दातांत कचकचते आहे. पलीकडच्या रुळांवर धुळ्याची गाडी उभी आहे; तो फाटा 1900 साली निघाला. तुमचं तिकीट मात्र केडगावचं आहे. मनमाडला गाडी बदला, दौंडला पुन्हा बदला. आणि सांभाळा, वाटेत नगरला लागूनही एक केडगाव आहे. तिथे उतरलात तर सगळाच प्रवास फुकट.

नगर स्टेशनात गाडी थांबते तेव्हा खिडकीतून बाहेर पाहताना थोडं गलबलतं. याच गावात रेव्हरंड टिळकांच्या घरी धरणगावचा एक पोरगा, आपला बालकवी, लेकासारखा राहून गेला. 1918 च्या मे महिन्यात भादली स्टेशनाजवळ तो रुळांवर गेला आणि पुढच्याच मे महिन्यात टिळकही गेले. तुम्ही चार वर्षं उशिरा आलात.

केडगावला उतरल्यावर पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनची वाट कुणालाही विचारा. आवारात विहिरी, झाडं, भाकऱ्यांचा धूर आणि बायका. जिकडे पाहाल तिकडे बायकाच. विहिरीवर त्या, शेतात त्या, छापखान्यातही त्याच. यातल्या काही जणी 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आलेल्या. तेव्हा नुसत्या हाडांवर कातडं ताणलेल्या पोरी होत्या. आता त्यांच्यातली एक चाळिशीकडे झुकलेली बाई खिळ्यांच्या खणांपुढे उभी आहे. बोटं खणात जातात, शिशाचा खिळा उचलतात, पट्टीत बसवतात. अक्षरं उलटी आहेत, ती सुलटी असल्यासारखी वाचते.

तिच्या शेजारी उभे राहा, मध्ये बोलू नका. ती एक ओळ जुळवते, मूळ कागदाकडे पाहते, पुढची ओळ घेते. थांबा. इथे चुकली. लागोपाठच्या दोन ओळी एकाच शब्दानं संपत होत्या. तिचा डोळा पहिलीच्या शेवटावरून थेट दुसरीच्या शेवटावर घसरला. दुसरी अख्खी ओळ गेली. तिला पत्ता नाही. मुद्रित तपासताना सापडेल आणि मग समासात खूण होईल.

हीच चूक सोळाशे वर्षांपूर्वी एका लेखनिकाच्या हातून होताना तुम्ही पाहू शकला असता. चामड्याच्या पानांवर ग्रीक बायबल उतरवून घेणारा तो, तेलाच्या दिव्याशी बसलेला. त्याचाही डोळा असाच घसरायचा आणि मागून दुसरा कोणी येऊन समासात दुरुस्ती करायचा. सिनाई पर्वताच्या पायथ्याच्या मठात टिशेनडॉर्फ या जर्मन पंडिताला 1859 साली मिळालेली चौथ्या शतकातली प्रत अशा दुरुस्त्यांनी भरलेली आहे. नव्या कराराची मूळ पोथी कुठेच नाही. आहेत त्या नकला, नकलांच्या नकला, हजारोंनी. कुठला डोळा कुठे घसरला आणि कुठल्या भाविकानं प्रेमापोटी चार शब्द पदरचे घातले, हे ताडत मागे मागे जायचं, असं ते शास्त्र. ज्ञानेश्वरीच्या प्रतींवर आपल्याकडे हेच काम झालं.

त्यातला एक धागा इथे, या बायकांच्या खोलीत, विशेष टोचतो. मार्कचं शुभवर्तमान सिनाईच्या आणि व्हॅटिकनच्या जुन्या प्रतींत एका विचित्र जागी थांबतं. कबरीपाशी गेलेल्या बायका ती रिकामी पाहून पळत सुटतात, भीतीनं कोणाला काही सांगत नाहीत, आणि बस, संपलं. पुनरुत्थित येशू शिष्यांना भेटतो त्या बारा ओव्या या प्रतींत नाहीत. बहुतेक अभ्यासक त्या मागाहून जोडल्या असं मानतात. मला विचाराल तर आधीचा शेवट जास्त खरा वाटतो. घाबरलेली माणसं अशीच गप्प होतात. या आवारात तशा कितीतरी आल्या होत्या.

आतल्या खोलीत जा. पांढरं लुगडं, कापलेले पांढरे केस, कानांनी बरंच कमी ऐकू येतं. म्हणून दार वाजवून उपयोग नाही, समोर जाऊन उभे राहा. पंडिता रमाबाई त्रेसष्ट वर्षांच्या आहेत. सहा महिन्यांपूर्वी, 24 जुलै 1921 ला, त्यांची एकुलती एक लेक मनोरमा गेली. बाई टेबलाशी बसून मुद्रितं वाचताहेत. हिब्रू एका हाताला, ग्रीक दुसऱ्या हाताला. पंधरा वर्षांहून जास्त काळ हे चाललं आहे: अख्खं बायबल, मूळ भाषांतून मराठीत, एकटीनं.

ही तीच बाई जिला लहानपणी आईनं तीर्थयात्रेच्या वाटेवर संस्कृत शिकवलं, जिला भागवताचे हजारो श्लोक तोंडपाठ होते, जिला 1878 साली कलकत्त्याच्या पंडितांनी ‘सरस्वती’ म्हटलं. श्रीरामपूरला कॅरी यांनी 1811 मध्ये मराठी नवा करार छापला तेव्हापासून या पुस्तकाची मराठी भाषांतरं निघत आली, पण त्यांत पंडिती शब्द फार. आणि संस्कृताचा शब्द मोकळ्या हातानं येत नाही, आपले देव, आपली कर्मकांडं गाठोड्यात बांधून येतो. हे दुसऱ्या कोणाला कळलं नसतं इतकं रमाबाईंना कळत होतं. म्हणून संस्कृत वगळायचं, दरबारी फारसीही टाळायची आणि जात्यावरच्या बाईला कळेल अशी मराठी लिहायची, असं त्यांनी ठरवलं. वगळायचं काय हे नेमकं ठाऊक असायला आधी ते पुरतं यावं लागतं.

क्षणभर डोळे मिटा. 1896-97 चाच हिवाळा, पण मिसरमध्ये. रमाबाई मध्य प्रांतात उपाशी पोरी गोळा करत होत्या तेव्हा ग्रेनफेल आणि हंट हे दोन इंग्रज बहनसा गावच्या उकिरड्यात कुदळी चालवत होते. जुन्या ऑक्सिरिंकस शहराचा तो कचरा. वर आली पपायरसची चिटोरी. त्यांत येशूची वचनं होती, मत्तयाच्या शुभवर्तमानाचं फाटकं पान होतं, आणि त्याच ढिगात कर भरल्याच्या पावत्या, लग्नाची आमंत्रणं, घरी पैसे मागणारी पत्रं. नव्या कराराचं ग्रीक प्लेटोसारखं का नाही, याचं कोडं पंडितांना जुनं होतं. कुणी तर ती पवित्र आत्म्याची खास बोली ठरवून मोकळे झाले होते. आडोल्फ डाइसमान यांनी अशाच पपायरसांवरून 1895 पासून दाखवायला सुरुवात केली की ती पावत्यांचीच भाषा आहे. बाजाराची. तेल मोजणाऱ्यांची.

डोळे उघडा. बाईंनी वर पाहिलं, तुमच्याकडे नव्हे, खिडकीकडे. मग पुन्हा मान खाली. त्यांच्या हाती आता फार दिवस नाहीत हे तुम्हाला ठाऊक आहे: 5 एप्रिल 1922. अख्खं पुस्तक छापून बाहेर पडेल 1924 साली, आणि मराठी ख्रिस्ती देवळांतून तरीही बहुधा दुसरंच भाषांतर वाचलं जाईल. हे सांगायचं नाही. पाठीमागे पाऊल घ्या.

निघताना त्या जुळारी बाईकडे एक रद्द झालेला कागद मागून घ्या. नव्या कराराचा, कधीचा तरी, शाई एका कडेला फिसकटलेली. ती आधी संशयानं बघते, मग देते.

परतीची गाडी मनमाड सोडते तेव्हा दिवस कलला आहे. नांदगाव. मग न्यायडोंगरी, तिथे टोपलीसकट एक म्हातारी चढते आणि तुमच्या समोर बसते. तुम्ही कागद उलगडता.

“काय शे ते?”

गोष्ट आहे, म्हणता. छापील मराठी वाचायला जाता आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहून थांबता. चाळीसगाव दोन स्टेशनांवर आलंय, इथली बोली अहिराणी. मग वाचणं सोडून सांगू लागता. एका बाईकडे दहा नाणी होती. त्यातलं एक हरवलं. तिनं दिवा लावला, घर झाडायला घेतलं.

“घरमा अंधारा व्हई,” म्हातारी मान डोलावते.

तुम्ही खाली बघता. कागद तिथेच संपलाय.

गाडी हिरापुराला थांबते. म्हातारी टोपली पायांशी ओढून घेते आणि पुढे वाकते.

“मंग सापडना का रुप्या?”