थिबाराजाची श्रीमंती

रत्नागिरीला पाहुणा आला की त्याला दाखवायच्या जागा आम्ही मंडळी डोळे मिटून सांगतो. रत्नदुर्गावरची भगवती, टिळकांचे जन्मघर, पतितपावन मंदिर आणि थिबाराजाचा वाडा. पहिल्या तीन ठिकाणी पाहुणा नमस्कार करतो. चौथ्या ठिकाणी मात्र तो हमखास एक प्रश्न विचारतो, "काय हो, हा राजा फार श्रीमंत होता का?" प्रश्न साधा आहे, पण त्याचे उत्तर द्यायला मला दर खेपेस अर्धा तास लागतो. या दिवाळीत फराळाच्या ताटाशी बसलेल्या वाचकांना तेच उत्तर जरा सावकाश द्यावे म्हणतो.

थिबा हा ब्रह्मदेशाच्या कोनबाउंग घराण्याचा शेवटचा राजा. १८७८ साली, विशीच्या आतबाहेर असताना तो मंडालेच्या गादीवर बसला. पांढऱ्या हत्तीचा धनी ही तिथल्या राजाची पदवी. मोगोकच्या खाणीत निघालेले मोठे माणिक राजाचे, असा तिथला कायदा. तेव्हा माणकांच्या बाबतीत हा गृहस्थ जगातल्या कोणत्याही राजाला हार जाणारा नव्हता. त्याच्या हाताला रक्तही लागले होते, हे लपवण्यात अर्थ नाही. गादीला वाटेकरी नकोत म्हणून १८७९ साली त्याच्या दरबाराने सावत्र भाऊबहिणींची कत्तल केली. त्याच्यावर करुण रसाचे पाट वाहवणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.

त्याचे राज्य बुडाले ते एका मुंबईकर कंपनीच्या सागवानापायी. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही वॉलेस बंधूंची कंपनी १८६३ साली मुंबईत निघाली. ब्रह्मी जंगलातला साग तोडून नेताना तिने सरकारी पट्टी बुडवली, असा ठपका ठेवून मंडालेने तिला सुमारे २३ लाख रुपयांचा दंड ठोठावला. इंग्रजांना निमित्तच हवे होते. नोव्हेंबर १८८५ मध्ये जनरल प्रेंडरगास्टच्या बोटी इरावतीतून वर चढल्या आणि दोन आठवड्यांत खेळ आटोपला. २९ नोव्हेंबरला राजा-राणीला राजवाड्यातून नदीपर्यंत नेले ते साध्या बैलगाडीतून. रडणाऱ्या प्रजेच्या देखत, गोऱ्या शिपायांच्या पहाऱ्यात. माणसाच्या ऐश्वर्याचे मोजमाप त्याच्या वाहनावरून करण्याची आपली जुनी खोड आहे. त्या मोजमापाने पाहिले तर हत्तीवरून छकड्यात येण्याला थिबाला एक दिवसही लागला नाही.

त्या गडबडीत कर्नल स्लेडन नावाच्या अधिकाऱ्याने 'ङा मौक' हे राजघराण्यातले प्रसिद्ध माणिक सांभाळण्यासाठी म्हणून घेतले आणि मग ते कधी परत आले नाही, अशी राजाची तक्रार होती. रत्नागिरीत बसून तो त्या माणकासाठी वर्षानुवर्षे अर्ज करीत राहिला. स्लेडन १८९० साली वारला, अर्ज चालूच राहिले.

रत्नागिरीच का, असे कोणी विचारील. एप्रिल १८८६ मध्ये मद्रासहून त्याला इथे आणले तेव्हा आमच्या गावाला आगगाडी नव्हती. (ती यायला विसाव्या शतकाची अखेर उजाडली!) मुंबईचा रस्ता म्हणजे समुद्र, आणि पावसाळ्यात तोही बंद. पाठीमागे सह्याद्री उभा. तुरुंगाच्या भिंती बांधायचा खर्चच नको. पुढे सावरकरांनाही १९२४ ते १९३७ इथेच स्थानबद्ध केले, ते याच हिशेबाने. सरकारची ही काटकसर आम्हा रत्नागिरीकरांना मात्र दोन मोठी माणसे देऊन गेली.

राजा आला तेव्हा त्याच्याबरोबर दोन राण्या होत्या, सुपयालत आणि तिची बहीण सुपयागले. मुली दोन, तिसरी वाटेत मद्रासला झाली, चौथी इथे. सोबत नोकरचाकर आणि पेटाऱ्यांतून आणलेले जडजवाहीर. तनखा ठरलेला होता, पण राजाला रुपयाचा हिशेब ठाऊक नव्हता. ज्याने जन्मात बाजारात पाऊल टाकले नाही त्याला भाव कोण सांगणार? तनखा संपला की एखादे माणिक बाहेर पडे. गहाण पडे किंवा विकले जाई, आणि मिळालेल्या पैशाचा दानधर्म होई, नोकरांना बक्षिसे मिळत. व्यवहारी सावकाराच्या दृष्टीने यापरते चांगले गिऱ्हाईक नाही. सोन्याची माणसे अशीच झिजतात. पेटारे हलके होत गेले आणि सरकारी कागद जड होत गेले.

आज आपण पाहतो तो वाडा तयार झाला १९१० साली. म्हणजे चोवीस वर्षे राजाने साध्या बंगल्यांत काढली. जांभा आणि विटांचे बांधकाम, ब्रह्मदेशच्या सागाचे काम, उतरती छपरे, अर्धवर्तुळाकार खिडक्या. समोर भाट्याची खाडी आणि पलीकडे अरबी समुद्र. ज्या सागापायी राज्य गेले तोच साग छपराला लावलेला! मला वाड्यात गेल्यावर पहिल्यांदा या तुळयाच दिसतात, त्याला माझा इलाज नाही.

राजाला पुढे मोटारीचाही शौक लागला, असे गावातली जुनी माणसे सांगत. त्या काळी मोटार म्हणजे काय, याची कल्पना आज दारोदार गाड्या उभ्या असताना यायची नाही. हिंदुस्थानच्या संस्थानिकांना तर या वाहनाने वेडच लावले. कोल्हापूरच्या छत्रपतींची मेबॅक गाडी आजही दसऱ्याला बाहेर निघते आणि लोक सोने लुटायचे सोडून ती बघायला धावतात. पण कोल्हापूरकरांची गाडी मनात येईल तिकडे जाई. थिबाला गावाबाहेर पडायचे तर सरकारची परवानगी हवी.

जपानात म्हणे १९६२ सालापासून असा कायदा आहे की मोटार घ्यायची तर आधी ती ठेवायला जागा आहे असा पोलिसांचा दाखला आणावा. ऑस्ट्रेलियात २००० सालापासून किमती गाडीवर वेगळाच कर बसतो. श्रीमंतीला प्रत्येक सरकार आपापल्या परीने लगाम घालते. आमच्या राजाची अडचण उलटी होती. गाडी ठेवायला ऐसपैस आवार, पण ती न्यायची कुठे?

धाकटी राणी १९१२ साली गेली. राजा डिसेंबर १९१६ मध्ये, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी. मंडाले त्याने पुन्हा पाहिले नाही. त्याचा देह मायदेशी नेऊ द्या, असा सुपयालतचा हट्ट होता, पण रंगूनमध्ये राजाची कबर म्हणजे बंडाचे निमंत्रण, हे इंग्रज ओळखून होते. १९१९ साली दोघांचीही समाधी रत्नागिरीत बांधली गेली आणि त्याच वर्षी राणी मुलींसह ब्रह्मदेशी परतली. ती १९२५ साली रंगूनला वारली. गंमत अशी, की दिल्लीचा शेवटचा बादशहा बहादूरशहा रंगूनच्या मातीत आणि ब्रह्मदेशचा शेवटचा राजा रत्नागिरीच्या मातीत. अदलाबदल करण्यात इंग्रजांचा हात कोण धरील?

पण खरी हकीकत पुढेच आहे. राजकन्या इथेच वाढल्या, मोलकरणींच्या संगतीने मराठी बोलू लागल्या. त्यांच्या तोलामोलाचा वर या गावात कुठून येणार? थोरलीचा जीव वाड्याच्या दरवानावर जडला. तो मराठा, संसारी, बायकामुलांचा. १९०६ साली तिला मुलगी झाली, तिचे नाव टूटू. आईबापांचा संताप, गावाची कुजबुज, सरकारी अधिकाऱ्यांचे लिफाफे, सगळे झाले. ब्रह्मदेशला गेलेली थोरली लेकीला घेऊन लवकरच रत्नागिरीला परत आली. तिच्या हाडात हेच गाव मुरले होते. १९४७ साली ती इथेच वारली, सरकारी तनख्यावर कसेबसे दिवस काढून.

टूटूला तर तनखाही नव्हता. ब्रह्मी भाषा येत नव्हती, मराठीच तिची भाषा. मोटारींचे काम करणाऱ्या एका रत्नागिरीकराशी तिने लग्न केले. आजोबांनी मोटारीचा शौक केला असेल नसेल, नातजावयाने तिच्यावर पोट भरले. टूटू शेणाच्या गोवऱ्या थापून विकी, कागदाची फुले करून विकी. आपली पोरे सांभाळून तिने पोरकी मुलेही पदराखाली घेतली. हे ज्यांनी पाहिले ती माणसे आमच्या गावात आजही आहेत. तिला कोणी राजाची नात म्हणून हाक मारीत नसे, आणि तिनेही तसा आव आणला नाही. दान देण्याची घराण्याची रीत मात्र तिच्यात पुरती उतरली होती. फरक एवढाच, की आजोबा माणके विकून देत आणि नात गोवऱ्या विकून.

ती २००० साली गेली. बारा वर्षांनी, डिसेंबर २०१२ मध्ये, म्यानमारचे अध्यक्ष थेन सेन थिबाच्या समाधीला फुले वाहायला रत्नागिरीला आले. तिच्या वंशातली माणसे तोवर पक्की रत्नागिरीकर झालेली होती, आणि त्यांच्या घरातली भाषा मराठी होती.