देवणी ते नागपूर : ख्रिस्ती पंथांची एकी कुठे साधली, कुठे अडली?

१/ देवणी म्हटले की महाराष्ट्राला तिथला गोवंश आठवतो. आज मात्र या सीमेवरच्या गावात उभे राहून एक वेगळा प्रश्न पाहू. ख्रिस्ती पंथांनी एक व्हावे की वेगळेच राहावे? वाद युरोपातला वाटतो, पण त्याचे महत्त्वाचे अध्याय निजामाच्या मुलखात आणि मराठी प्रदेशात घडले. (ही चर्चा प्रोटेस्टंट पंथांपुरतीच आहे.)

२/ १९५६ पूर्वी उदगीर-देवणीचा हा भाग हैदराबाद राज्यातील बीदर जिल्ह्यात मोडत असे. बीदर हे अमेरिकन मेथडिस्टांचे कार्यक्षेत्र. तेलंगणातील मेदक ब्रिटिश मेथडिस्टांचे. जालन्यात स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे नारायण शेषाद्री, औरंगाबादेत अँग्लिकन मिशनरी, आणि अहमदनगरास (आजचे अहिल्यानगर) अमेरिकन मराठी मिशनचे काँग्रिगेशनल पंथीय. एका टापूत एवढे पंथ!

३/ त्यांच्यात भेद कोणते? अँग्लिकनांत अधिकार बिशपचा, तर प्रेस्बिटेरियनांत निवडलेल्या वडिलांच्या सभेचा. काँग्रिगेशनल मताप्रमाणे प्रत्येक स्थानिक मंडळी स्वायत्त. बॅप्टिस्टांच्या मते बाप्तिस्मा जाणत्या वयातच घ्यावा. हे सारे वाद इंग्लंड, स्कॉटलंड आणि युरोपच्या राजकीय व धार्मिक संघर्षांतून जन्मलेले. मराठवाड्याच्या शेतमजुराचा त्यांच्याशी काय संबंध?

४/ संबंध आला तो नकाशामुळे. एकमेकांच्या क्षेत्रात शिरू नये म्हणून बहुतेक मिशनांनी आपसांत प्रदेश वाटून घेतले होते. परिणामी, कोणी कोणत्या पंथाचा व्हावे हे पुष्कळदा त्याच्या श्रद्धेने नव्हे, तर त्याच्या गावाने ठरवले. एका गावचा माणूस मेथडिस्ट आणि दूरच्या गावी दिलेली त्याची बहीण अँग्लिकन, असे घडणे त्या व्यवस्थेत स्वाभाविकच होते.

५/ या चौकटीला मराठी मनाने लवकरच हरकत घेतली. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडातील वाँटेज येथे अँग्लिकन चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतला, परंतु त्या पंथाची प्रत्येक शिकवण निमूटपणे स्वीकारण्यास त्यांनी नकार दिला. पुरोहितशाहीचे एक जोखड उतरवून दुसरे मानेवर घेणे त्यांना मान्य नव्हते. केडगावचे त्यांचे मुक्ती मिशनही कोणत्याच एका पंथाच्या दावणीला बांधले गेले नाही.

६/ कवी नारायण वामन टिळकांची वाट निराळी. १८९५ मध्ये ते ख्रिस्ती झाले, अमेरिकन मराठी मिशनमध्ये त्यांनी अनेक वर्षे काम केले, आणि १९१७ मध्ये ती चाकोरी सोडून ‘देवाचा दरबार’ उभारला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही स्थान होते. १९१९ मध्ये टिळक निवर्तले आणि तो प्रयोग अपुरा राहिला.

७/ त्याच वर्षी दक्षिणेत तरंगंबाडी येथे भारतीय ख्रिस्ती पुढाऱ्यांची परिषद भरली. तिचे एक प्रमुख सूत्रधार होते व्ही. एस. अझरिया. निजामाच्याच राज्यातील दोर्णकल येथे १९१२ पासून ते बिशप होते, अँग्लिकन चर्चचे पहिले भारतीय बिशप. परिषदेच्या निवेदनाचा आशय स्पष्ट होता: हे भेद आम्ही निर्माण केलेले नाहीत, ते बाहेरून आमच्यावर लादले गेले आहेत.

८/ पुढची पावले संथ पडली. १९२४ मध्ये उत्तर भारतातील प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्या एकत्र आल्या. अहमदनगरच्या मंडळ्याही त्यात होत्या. २७ सप्टेंबर १९४७ रोजी मद्रासला ‘चर्च ऑफ साउथ इंडिया’ जन्मास आले. अँग्लिकन दोर्णकल आणि मेथडिस्ट मेदक एका छत्राखाली आले. अझरिया मात्र १९४५ मध्येच वारले होते.

९/ उत्तरेकडील बोलणी १९२९ पासून चालू होती. अखेर २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्चसंस्था मिळून ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झाले. बाप्तिस्म्याचा पेच कसा सुटला? कोणालाही मत सोडायला न लावता. बालकांचा बाप्तिस्मा आणि जाणत्यांचा बाप्तिस्मा, दोन्ही रीती ग्राह्य मानल्या गेल्या. एकरूपता न लादता ऐक्य साधले, हे या घटनेचे खरे वैशिष्ट्य.

१०/ पण बोलण्यांत सहभागी असलेले अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट ऐन शेवटच्या टप्प्यावर बाहेर पडले. बिशपपदाचे स्वरूप, मालमत्तेचे भवितव्य, जागतिक मेथडिस्ट संघटनेशी असलेले नाते, असे अनेक प्रश्न चर्चेत होते. १९८१ मध्ये त्यांनी ‘मेथडिस्ट चर्च इन इंडिया’ ही स्वायत्त संस्था उभी केली. बीदरच्या मंडळ्या याच परंपरेतल्या.

११/ आता देवणीहून पुन्हा पाहा. मेदकचे आणि बीदरचे मेथडिस्ट दोघेही जॉन वेस्लीचे वारस. सिद्धान्त जवळजवळ सारखेच. तरीही ब्रिटिश शाखा ऐक्यात गेली, अमेरिकन शाखा बाहेर राहिली. म्हणजे मुख्य अडसर श्रद्धेचा नव्हता, तर संस्थांच्या घडणीचा आणि अधिकाराच्या परंपरांचा होता.

१२/ वेगळे राहणाऱ्यांची बाजूही पोकळ नाही. मोठ्या संस्थेत लहान मंडळीचा आवाज हरवतो, निर्णय दूरच्या शहरात होतात, ही भीती रास्त आहे. शिवाय इथले बहुसंख्य ख्रिस्ती दलित समाजांतून आले. पंथांची नावे पुसली तरी जातीच्या भिंती आपोआप पडत नाहीत. घटनेवर सह्या करणे सोपे, एका पंगतीत बसणे आणि सोयरीक जोडणे कठीण.

१३/ म्हणून ‘एक की अनेक’ यापेक्षा ‘कोणाच्या निर्णयाने’ हा प्रश्न अधिक मूलगामी ठरतो. परक्यांनी नकाशावर आखलेली फूट जितकी उपरी, तितकेच वरून लादलेले ऐक्यही उपरे. रमाबाईंचा नकार, टिळकांचा दरबार, नागपूरचे दोन बाप्तिस्मे या तिन्हींतून एकच सूत्र दिसते: जे ऐक्य मतभेदाला घरात जागा देते, तेच टिकण्याजोगे असते.

१४/ पुढच्या वेळी एखाद्या जुन्या चर्चजवळून जाल, तेव्हा दारावरची पाटी जरूर वाचा. त्या दोन-तीन शब्दांत लंडन, बोस्टन, एडिंबरा आणि आपला मराठवाडा एकत्र नांदत असतात.