सट्टेदाराची वही : विडी-व्यवसायाच्या इतिहासातील एक प्रश्न

भंडारा जिल्ह्याच्या आर्थिक इतिहासाचा विचार करताना भातशेती, तलाव व जंगल यांकडे अभ्यासकाचे लक्ष सहज जाते; विडी-व्यवसायाकडे मात्र तितके जात नाही. या व्यवसायात मालक आपले काम बाहेरच्या मध्यस्थामार्फत करवून घेतो. अशा संबंधात माल कोणाचा, यापेक्षा मालाची व माणसांची नोंद कोणाच्या हाती, हा प्रश्न अधिक निर्णायक ठरतो, असे प्रस्तुत टिपणाचे प्रतिपादन आहे.

व्यवहाराची रीत साधी होती. मालक तंबाखू व बहुधा तेंदूपाने सट्टेदारास देई. सट्टेदार ती घरोघरी वाटून तयार विड्या कारखान्यात पोहोचवी. मजुरी दर हजारी ठरे व सदोष विड्यांची छाट होई. किती माल दिला, किती विड्या आल्या आणि किती छाटल्या, या तिन्ही आकड्यांचा मेळ सट्टेदाराच्या वहीत असे. मालकापाशी केवळ एकूण बेरीज उरे, आणि वळणाऱ्या स्त्रीपाशी स्वतःच्या मोजणीची आठवण. एकोडीसारख्या गावाच्या बाजूने पाहिल्यास या अंतराचा अर्थ स्पष्ट होतो : वाद उत्पन्न झाला असता जिच्यापाशी कागद नाही, तिचा शब्द दुबळा ठरतो. मालकाचे अज्ञानही निरुपद्रवी नव्हते. ज्यांची नावे आपणास ठाऊक नाहीत, त्यांचे दायित्व आपणावर नाही, असे म्हणण्याची सोय त्यात होती.

ही सोय न्यायालयात कसोटीस लागली. सागर येथील एका विडी-कारखान्यात आलेल्या सट्टेदारांची नावे कामगारांच्या नोंदवहीत नव्हती, म्हणून चिंतामणराव यांच्यावर खटला झाला. भंडारा व सागर हे दोन्ही जिल्हे १९५६ पर्यंत एकाच मध्य प्रदेश राज्यात मोडत असल्यामुळे या प्रकरणाचे महत्त्व येथील अभ्यासकास विशेष वाटावे. १९५८ साली सर्वोच्च न्यायालयाने सट्टेदार हे स्वतंत्र कंत्राटदार असून कामगार नव्हेत, असा निर्णय दिला. सट्टेदारच जेथे नोंदीबाहेर, तेथे त्याच्याकडून माल घेऊन घरी वळणारी स्त्री तर त्याहून दूर राहिली. नागपूरच्या बिरधीचंद शर्मा प्रकरणात मात्र १९६० साली कारखान्यात येऊन विड्या वळणारे लोक कामगार ठरले. तेथे त्यांची हजेरी नोंदविली जात होती. १९६४ साली मद्रासकडील दिवाण मोहिदीन प्रकरणात न्यायालयाने मध्यस्थाच्या नावामागे पाहिले, आणि तथाकथित कंत्राटदार हे मालकाचेच हस्तक असल्याचे मान्य केले.

१९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरी काम करणाऱ्यासही कामगाराच्या व्याख्येत स्थान दिले. कच्चा माल देणे व विड्यांची छाट यांविषयीचे तंटे सोडविण्याचीही त्यात तरतूद होती. १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरविला. १९७६ च्या कल्याणनिधी कायद्यानंतर ओळखपत्राचे महत्त्व वाढले. पुढे १९८५ साली पी. एम. पटेल प्रकरणात भविष्यनिर्वाह निधीचा लाभ घरी वळणाऱ्यांना लागू असल्याचे ठरले. त्या निर्णयातील तर्क मननीय आहे : सदोष विडी नाकारण्याचा अधिकार हेच मालकाच्या नियंत्रणाचे गमक होय.

येथे इतिहासाचा एक विपर्यास दृष्टीस पडतो. जी छाट दीर्घकाळ मजुरी कमी करण्याचे निमित्त होती, तीच अखेर मालक व मजूर यांच्यातील संबंधाचा पुरावा ठरली. गुणवत्तेची माहिती हवी, परंतु माणसाची नको, ही भूमिका न्यायालयापुढे टिकली नाही. काम बाहेर सोपविण्याची पद्धती आज दूरध्वनी-सेवेपासून हिशेबलेखनापर्यंत पसरली असताना हा अनुभव केवळ एका जिल्ह्यापुरता राहत नाही. त्याचा अभ्यास करू इच्छिणाऱ्याने केवळ करारपत्रे वाचून थांबू नये. वही कोण लिहितो, ती कोण पाहू शकतो, आणि तिच्यात कोणाचे नाव येत नाही, हेही त्याने विचारले पाहिजे.