डिव्हाइस ट्रीमधील पत्त्यांची व्यवस्था : एक ऐतिहासिक टिपण

संगणकातील प्रत्येक उपकरणाला पत्ता असतो. परंतु तो कोणाच्या दृष्टीने खरा, हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नसतो. हा अर्थ लेखनिविष्ट करण्याचा सर्वांत यशस्वी प्रयत्न म्हणजे डिव्हाइस ट्री होय.

तिचा उगम सन मायक्रोसिस्टिम्समध्ये मिच ब्रॅडली यांनी रचलेल्या ओपनबूटमध्ये आढळतो. त्यावरून १९९४ साली आयईईई १२७५ हे प्रमाण सिद्ध झाले. त्यात यंत्राचे वर्णन वृक्षरूपाने येते. नोडचा 'रेग' हा गुणधर्म आरंभीचा पत्ता व लांबी सांगतो. मात्र त्यातील किती आकडे पत्त्याचे व किती लांबीचे, हे ठरविण्याचा अधिकार जनक नोडकडे असतो. अपत्यांच्या पत्त्यांचा वरच्या बसशी मेळ 'रेंजेस' हा गुणधर्म घालतो. तो रिकामा असेल, तर दोन्हीकडील पत्ते एकच समजावयाचे. मुळीच नसेल, तर असे रूपांतर संभवत नाही.

हा भेद प्रमाणग्रंथात स्पष्ट असला, तरी व्यवहारात पाळला गेला नाही. ॲपलच्या पॉवरपीसी यंत्रांतील काही नोडांत 'रेंजेस' नसूनही त्यांखालील उपकरणे सुरळीत वापरता येत. त्यामुळे अशा यंत्रांवर अभाव हाच रिकामेपणा मानण्याची सवलत लिनक्सला द्यावी लागली. तिची कारणमीमांसा बेंजामिन हेरेनश्मिट यांनी त्या संहितेतच नोंदविली आहे.

ओपन फर्मवेअर नसलेल्या लहान यंत्रांसाठी २००५ साली वृक्षाचे सपाट रूप प्रचारात आले. एआरएम यंत्रांचे पत्ते मात्र दीर्घकाळ प्रत्येक बोर्डाच्या सी-संहितेतच कोरलेले होते. २०११ साली लिनस टॉरवाल्ड्स यांनी या पसाऱ्यावर कडक टीका केली, आणि तेथेही डिव्हाइस ट्रीचा स्वीकार वेगाने झाला.

या पद्धतीचा लाभ रास्पबेरी पायमध्ये प्रत्यक्ष दिसतो. तिच्या एका सिरियल पोर्टचा बसवरील पत्ता षोडशमान पद्धतीने ७ई२०१००० असा आहे. २०१२ सालच्या पहिल्या पायमध्ये प्रोसेसरला तो २०२०१००० येथे आढळतो, तर २०१५ सालच्या दुसऱ्या पायमध्ये ३एफ२०१००० येथे. पोर्टच्या 'रेग'मध्ये फरक नाही. बदलला तो केवळ जनकाचा 'रेंजेस'.

तथापि वर्णन खरे की खोटे, हे कर्नेलला सहसा पडताळता येत नाही. ते चुकले, तर निर्दोष ड्रायव्हरही भलत्याच ठिकाणी लिहितो. संहितेवरील भार अशा रीतीने हलका झाला. पण तो वर्णन लिहिणाऱ्याच्या सचोटीवर येऊन पडला, हे या इतिहासाचे सार होय.