मुंबईहून लंडन किती लांब?

आमच्या घरी पृथ्वीचा एक जुना गोल आहे. लहानपणी मी त्यावर मुंबईपासून लंडनपर्यंत दोरा ताणून अंतर मोजत बसे. ते भरते सुमारे ७,२०० किलोमीटर. एकदा आजोबा म्हणाले, "अरे, पण त्या दोऱ्यावरून कोणी गेलंय का?"

हे विचारण्याचा त्यांना अधिकार होता. १९३३ साली ते लंडनला बॅरिस्टरी शिकत होते. घरून तार आली, आई अत्यवस्थ. तार पोचली, पण माणसाने कसे पोचावे? गांधीजी १९३१ मध्ये २९ ऑगस्टला मुंबईहून 'राजपुताना' बोटीने निघाले, मार्सेयला उतरून पुढे आगगाडीने गेले, तरी लंडन गाठायला १२ सप्टेंबर उजाडला. आजोबांनी हिशेब केला आणि ते निघालेच नाहीत. याहून अधिक ते कधी बोलले नाहीत.

आणि हा तर सुएझचा सुकाळ! १८६९ मध्ये कालवा खुला होण्यापूर्वी बोटी आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालीत. तो रस्ता २०,००० किलोमीटरांच्या घरातला. कालव्याने तो साडेअकरा हजारांवर आणला. पण १९६७ च्या युद्धाने कालवा बंद पडला तो थेट १९७५ पर्यंत, आणि बोटी पुन्हा त्याच जुन्या वळशाला लागल्या. पृथ्वी तेवढीच, माणसे भांडली की रस्ता लांबतो.

विमानालाही तो दोरा लगेच सापडला नाही. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे 'मलबार प्रिन्सेस' ३५ प्रवासी घेऊन मुंबईहून उडाले. पंखे फिरवणारी इंजिने, एका दमात एवढी मजल झेपेना. म्हणून कैरो, जिनिव्हा असे टप्पे घेत ते १० जूनला लंडनला उतरले. १९६० मध्ये बोइंग ७०७ आले आणि दिवसांचे तास झाले. आता न थांबता जाताना दहाच्या आसपास तास लागतात, येताना नऊ. उंचावरचे पश्चिमेचे वारे येताना पाठीशी असतात. जाताना घड्याळ मागे सरकते म्हणून सकाळी निघालेला माणूस दुपारी लंडनच्या रस्त्यावर दिसतो, हा भाग निव्वळ गमतीचा.

एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपले आकाश भारतीय विमानांना बंद केले आणि पश्चिमेच्या कित्येक फेऱ्यांना वळसे पडले. सुएझचीच गोष्ट, फक्त हवेतली.

त्याच मे महिन्यात माझी आई इस्पितळात होती. मुलगी लंडनला नोकरीला. रात्री फोन केला, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे आजोबांचा तो हिशेब होता. दुसऱ्या रात्री मुलगी बॅगेसकट आजीच्या खाटेपाशी उभी राहिली. आईने डोळे उघडले, नातीकडे नीट पाहिले आणि विचारले, "जेवलीस का गं?"